अंगणापर्यंत चालत गेलेली शाळा : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, घोलवड रेल्वे स्थानकापासून थोड्याच अंतरावर, समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे. चिकूच्या वाड्या, सुरूंची दाट रांग आणि लांबवर पसरलेला शांत किनारा यांमुळे सहलीचे ठिकाण म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु ज्या कार्यामुळे या गावाचे नाव देशाच्या शैक्षणिक इतिहासात नोंदले गेले, ते कार्य मात्र आपल्याच जिल्ह्यात फारसे कोणाला माहीत नसते. काश्मीरपासून केरळपर्यंत वस्त्यावस्त्यांत जो शब्द आज शासनाच्या पाटीवर दिसतो, तो अंगणवाडी हा शब्द आणि त्यामागची कल्पना या बोर्डीच्या परिसरात आकाराला आली. ती आकाराला आणणाऱ्या ताराबाई मोडक यांचे जीवन या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत बालवाडीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमच्याकडे येणारे मूल बाळपणाचा पहिला टप्पा ओलांडून आलेले असते, हे खरे. पण ज्या मुलाशी लहानपणी कोणी भरपूर बोलले, ज्याला कोणी गोष्टी सांगितल्या, ज्याच्या हातांना माती, पाणी, खडू, रंग यांची ओळख झाली, ते मूल वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात ओळखू येते. ज्याच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही, तेही ओळखू येते. दोघांच्या बुद्धीत उणेअधिक काही नसते. एकाला आरंभीची पाच वर्षे मिळालेली असतात आणि दुसऱ्याची ती हिरावली गेलेली असतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण ज्या यशापयशाची चर्चा करतो, त्याचे एक मूळ इतके खोल गेलेले असते. ताराबाईंचे आयुष्य या मुळाशी जाण्यात खर्ची पडले.

जडणघडण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी केळकर कुटुंबात झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. जातिभेद, मूर्तिपूजा, स्त्रियांवरील बंधने यांविषयी प्रश्न विचारणारे वातावरण घरातच होते. मुलींनी चार बुके शिकली तरी पुरे, असे मानणाऱ्या त्या काळात ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. पतीपासून वेगळ्या झालेल्या स्त्रीला त्या काळच्या समाजात कोणते स्थान होते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. ताराबाईंनी माहेरचा आसरा शोधण्याऐवजी नोकरी शोधली. राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या म्हणून त्या रुजू झाल्या. मानाची, पगाराची आणि सुरक्षिततेची ती जागा होती.

त्याच सुमारास काठेवाडातील भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. मुलांना मारावयाचे नाही, धाक दाखवावयाचा नाही, बक्षिसाचे आमिष दाखवावयाचे नाही, तरीही मुले शिकतात, ही गोष्ट ते रोजच्या कामातून सिद्ध करीत होते. ताराबाई बालशिक्षणाकडे ओढल्या गेल्या, त्या या प्रयोगामुळे. १९२३ साली राजकोटची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. मोठ्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांसमवेत जमिनीवर बसावयाचे, हा निर्णय व्यवहारी माणसाला वेडेपणाचा वाटला असेल. शिक्षणाच्या क्षेत्रात मान वरच्या वर्गांना आणि उपेक्षा खालच्या वर्गांना, ही उतरंड आजही मोडलेली नाही. ताराबाईंनी ती शंभर वर्षांपूर्वी स्वतःपुरती मोडली.

गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. बालशिक्षणाचा विचार पालकांपर्यंत पोहोचावा म्हणून शिक्षणपत्रिका हे मासिक चालविले. आधी गुजरातीतून निघणारे हे मासिक पुढे मराठीतूनही निघू लागले. ताराबाईंनी मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत सातत्याने लेखन केले. मुलांचा हट्ट, शिस्त, भीती, खोटे बोलणे अशा रोजच्या घरगुती प्रश्नांवर त्या लिहीत, कारण मुलाची पहिली शाळा घर आहे आणि तेथील शिक्षकांना कोणीही प्रशिक्षण दिलेले नाही, हे त्यांनी जाणले होते.

एका मजूरवस्तीतून निघालेला विचार

या दोघांच्या कामाला आधार होता तो इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा. रोम शहराच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत डॉ. माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर मोकाट फिरणारी मुले तेथे आली. त्यांच्या हाती लाकडी ठोकळे, मनोरे, रंगांच्या पट्ट्या, अक्षरांचे खरखरीत आकार असे साहित्य देण्यात आले. मूल इंद्रियांच्या द्वारे शिकते, हाताने शिकते, एकाच कृतीची पुन्हा पुन्हा आवृत्ती करीत शिकते आणि आवडीचे काम मिळाले की आपण होऊन शांत होते, हे तेथे दिसून आले.

म्हणजे हा विचार मुळात श्रमिकांच्या मुलांसाठी होता. भारतात येता येता तो श्रीमंतांच्या दारात अडकला. साहित्य महाग, जागा मोठी, शिक्षिका विशेष प्रशिक्षित. साहजिकच माँटेसरी शाळा म्हणजे मोठ्या शहरातील सुखवस्तू कुटुंबांची शाळा, असे समीकरण झाले. ताराबाईंनीही १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले, तेथील मुले मुख्यतः मध्यमवर्गीय घरांतील होती. शिशुविहारने मराठी बालशिक्षणाला पाया दिला, शिक्षिका घडविल्या, नावलौकिक मिळविला. ताराबाईंनी तेवढ्यावर समाधान मानले असते तरी त्यांचे नाव राहिलेच असते. परंतु ज्यांच्यासाठी हा विचार जन्मला त्यांच्यापर्यंत तो पोहोचलेला नाही, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. खेड्यातील गरिबाच्या मुलाला ही पद्धत देता येईल काय, आणि देता येत नसेल तर दोष मुलाचा की पद्धतीचा, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. महात्मा गांधींच्या नई तालीमच्या वर्तुळातही या सुमारास पूर्व-बुनियादी शिक्षणाचा विचार सुरू झाला होता. शिक्षण जन्मापासून सुरू होते, ही भूमिका १९४५ च्या आरंभी सेवाग्रामच्या परिषदेत मांडली गेली. ताराबाईंचा त्या विचाराशी निकटचा संबंध आला होता.

बोर्डी, १९४५

त्याच वर्षी, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला आल्या. बोर्डीत आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांच्या तपश्चर्येने नावारूपाला आलेले विद्यालय होते, त्यामुळे शिक्षणाच्या कामाला अनुकूल अशी भूमी तेथे होती. नूतन बालशिक्षण संघाच्या वतीने ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे त्यांचे प्राक्तन. शिक्षणाच्या बळावर त्या त्यातून बाहेर पडल्या, शिक्षिका झाल्या आणि बोर्डीला आल्यावर ताराबाईंच्या अखेरपर्यंत, अठ्ठावीस वर्षे, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

१९४५ हे वर्ष आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे असे आहे. याच वर्षी डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबण्याच्या लग्नगडी प्रथेविरुद्ध उठाव केला. गोदावरी व शामराव परुळेकर त्यांच्या पाठीशी उभे होते. याच वर्षी, ८ जुलै रोजी, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढे सिद्धार्थ व मिलिंद ही महाविद्यालये उभारली. या तीन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता, त्यांमागील विचारसरणीही निराळ्या होत्या. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वगळलेला माणूस आता वगळला जाणार नाही, ही काळाची हाक तिन्हींत ऐकू येते. बाबासाहेबांनी उच्च शिक्षणाचा दरवाजा उघडला. शिडीची ती वरची पायरी होती. सर्वांत खालची पायरी, जिच्यावर तीन वर्षांचे मूल पहिले पाऊल ठेवते, ती कोठे आहे, याचा शोध बोर्डीत सुरू झाला होता.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. जागा झाली, साहित्य आले, शिक्षिका आल्या. गावातली मुले येऊ लागली. गावाबाहेरच्या दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले मात्र येईनात. त्या काळच्या नोंदींत या वस्तीसाठी हरिजन हा शब्द येतो. आम्ही तो शब्द स्वीकारीत नाही, परंतु त्या नोंदींमागचे वास्तव आमच्या वाडवडिलांचे आहे. मुले का येत नव्हती? आईबाप पहाटेच मजुरीला जात. घरी राहिलेल्या सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे. अंगावर धड कपडा नसे. आणि या सर्वांपेक्षा मोठे असे एक अंतर होते, जे मैलांत मोजता येत नव्हते. ज्या गावात वडिलधाऱ्यांना शतकानुशतके दूर उभे केले गेले, त्या गावच्या शाळेत तीन वर्षांचे लेकरू एकट्याने चालत कसे जाईल?

या ठिकाणी बहुतेक शाळा थांबतात. आम्ही दार उघडले होते, मुले आली नाहीत, असा शेरा लिहून मोकळ्या होतात. पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, अशी मीमांसाही तयार असते. ताराबाईंनी दोष पालकांवर टाकला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत गेल्या आणि घराच्या पुढच्या सारवलेल्या अंगणातच बालवाडी भरू लागली. गावात मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीत अंगणातली बालवाडी, असे दोन प्रकार झाले. अंगणातल्या बालवाडीची वेळ घड्याळाने ठरत नसे. मुले केव्हा मोकळी असतात, आया केव्हा घरी असतात, हे पाहून ती भरे. यातूनच अंगणवाडी हे नाव रूढ झाले.

हे सोपे दिसते. त्यासाठी काय काय टाकून द्यावे लागले, याचा विचार केला म्हणजे त्यातील धैर्य कळते. महागडे साहित्य वस्तीत नेता येत नव्हते. तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, माती, बांबू हेच साहित्य झाले. आणि येथेच ताराबाईंची शास्त्रीय दृष्टी दिसते. माँटेसरींच्या वस्तूंचे त्यांनी दैवत केले नाही, त्या वस्तूंमागचे तत्त्व घेतले. मुलाने लहान-मोठे असे शिंपले लावले की आकाराची जाण येते. बियांचे ढीग केले की संख्येची तयारी होते. फुलांची माळ ओवताना बोटांची जी चिमटी तयार होते, तीच पुढे लेखणी धरते. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात न सांडता पाणी ओतणारे मूल हाताबरोबर मनही स्थिर करीत असते. गाण्यातून शब्द आणि ठेका येतो, गोष्टीतून आधी काय आणि मग काय हा क्रम येतो. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याच्या हातातली वस्तू न हिसकावणे, पडलेल्याला उठविणे, हे तर समाजशास्त्राचे पहिले धडे. आणि वस्तीतली व गावातली मुले एका फेरात हात धरून नाचली म्हणजे समतेचाही धडा होतो, तोही उपदेशावाचून.

शिकविण्याच्या आधी स्वच्छता होती. शिक्षिका मुलांना अंघोळ घालीत, केस विंचरीत, नखे कापीत, खरूज-गजकर्ण धुऊन औषध लावीत. ज्यांना स्पर्श करणे विटाळ मानले गेले होते, त्या मुलांना मांडीवर घेऊन न्हाऊ घालणे, हे त्या काळी निव्वळ आरोग्याचे काम नव्हते. मुलाला त्याचा अर्थ शब्दांत कळत नसेल. पण आपण जवळ घेण्याजोगे आहोत, हे त्याच्या शरीराला कळत होते. आत्मसन्मानाचे शिक्षण इतक्या लवकर सुरू होते.

कोसबादची टेकडी

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था होती आणि भोवती वारल्यांचे पाडे विखुरलेले होते. बोर्डीत शाळेने वस्ती गाठली होती. येथे वस्तीच एका जागी नव्हती. पाडे लांब, वाटा डोंगरातल्या, आणि थोडे मोठे झालेले मूल गुरांमागे रानात. त्याला शाळेत बसवावे तर घरचे काम अडते. ताराबाई आणि अनुताईंनी यावरही तोच उपाय योजिला. गुरे जेथे चरतात तेथे, कुरणात, शाळा भरविली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत आहेत, त्यांच्यावर एक डोळा आहे आणि झाडाच्या सावलीत गाणे, गोष्ट, अक्षरओळख, मोजणी चालली आहे. पाने, पक्षी, दगड, ओढा हेच पाठ्यपुस्तक. दिवसा ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणण्याचा विकासवाडी हा त्यांचा आणखी एक प्रयोग. त्यामागचे कारण कोणत्याही गरीब घरातील आईला तत्काळ पटेल. धाकटे भावंड सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहते, म्हणून तिची शाळा बुडते. धाकट्याला पाळणाघरात जागा मिळाली की थोरली शेजारच्या वर्गात बसू शकते. मुलींच्या गळतीचे कारण मुलींच्या अनास्थेत नसून कडेवरच्या ओझ्यात आहे, हे त्यांनी ओळखले आणि ते ओझे उतरविण्याची व्यवस्था शाळेतच केली.

या सर्व कामाला माणसे लागत. शहरातून शिक्षिका आणून पाड्यांवर टिकणार नाहीत, म्हणून खेड्यांतील स्त्रियांना बालसेविका म्हणून प्रशिक्षण देण्याचे काम ताराबाईंनी हाती घेतले. भारतात आज लक्षावधी अंगणवाडी सेविका काम करतात. आपल्याच वस्तीतली स्त्री आपल्या मुलांची शिक्षिका होऊ शकते, ही कल्पना येथे प्रत्यक्षात उतरलेली होती.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. ते पाहण्यास ताराबाई राहिल्या नव्हत्या. अनुताईंनी कोसबादचे काम पुढे नेले, १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या.

आमची दृष्टी

ताराबाई आमच्या चळवळीतल्या नव्हत्या. त्यांचे संस्कार प्रार्थना समाजाचे, त्यांच्या भोवतालचे वर्तुळ गांधीवादी विधायक कार्याचे. आमची वाट महात्मा फुले, सावित्रीमाई आणि बाबासाहेब यांनी दाखविलेली. ती वाट दयेची याचना करीत नाही, हक्काची मागणी करते. हा भेद झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु माणसाची पारख त्याच्या कृतीने करावी, अशी आमची शिकवण आहे. दया करणारा आपल्या जागेवरून हात पुढे करतो. ताराबाईंनी जागाच बदलली. आपली पद्धत, साहित्य, वेळापत्रक आणि शाळेची वास्तू हे सर्व त्यांनी मुलाच्या सोयीने वाकविले. वगळलेल्या मुलाला शाळेसाठी योग्य बनविण्यापेक्षा शाळेला त्या मुलासाठी योग्य बनविणे, हे दयेचे काम नव्हे, ते न्यायाचे काम आहे.

तथागतांच्या चरित्रात सुनीताची कथा आहे. राजगृहाचे रस्ते झाडणारा सुनीत तथागतांना येताना पाहून अंग चोरून भिंतीशी उभा राहिला. तथागत स्वतः त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याला संघात बोलावले. अंतर कापले ते ज्यांच्याकडे सामर्थ्य होते त्यांनी. राहुल लहान असताना त्याला खोटे न बोलण्याचा उपदेश करण्यासाठी तथागतांनी पाण्याचे भांडे हाती घेतले. उरलेले थोडेसे पाणी दाखविले, ते सांडून दाखविले, भांडे उपडे करून दाखविले. बालकाला अमूर्त उपदेश कळत नाही, हातातली वस्तू कळते, ही जाण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या प्रसंगातही आहे. मुलाकडे स्वतः जावे आणि त्याला हाताने शिकू द्यावे, ही दोन्ही सूत्रे आम्हांला ताराबाईंच्या कामात दिसतात, म्हणून त्यांचे स्मरण आम्हांला परके वाटत नाही.

आज आपल्या भागात

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवती विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि परप्रांतांतून आलेल्या कामगारांच्या चाळी दाटल्या. पाळीवर जाणारे आईबाप आणि एका खोलीत दिवस काढणारे मूल, हे चित्र सान लोरेंझोच्या वस्तीपेक्षा फारसे वेगळे नाही. दुसरीकडे पाड्यांवरील वारली आणि कातकरी कुटुंबे भाताची कापणी उरकली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि त्यांचे लहान मूल अंगणवाडीच्या पटावर राहते, अंगणात राहत नाही. भट्टीवर शाळा कोण नेणार? कुरणशाळेने विचारलेला प्रश्न आज भट्टीशाळेच्या रूपाने उभा आहे.

पालकांसाठीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. आपल्या समाजाने शिक्षणाचे मोल ओळखले, त्यामुळे पोटाला चिमटा घेऊन पालक मुलांना तिसऱ्या वर्षीच नर्सरीत घालतात. टाय, दप्तर, इंग्रजी अक्षरे, घरचा अभ्यास, यांत त्यांना प्रगती दिसते. त्यामागची तळमळ आम्ही जाणतो. पण बोटांची चिमटी तयार होण्यापूर्वी हाती पेन्सिल दिली, घरची बोली बहरण्यापूर्वी परकी वाक्ये पाठ करून घेतली, तर मूल शिकण्यापेक्षा घाबरणे आधी शिकते. अंगणवाडीत मूल मातीत खेळते, गाणी म्हणते, काही लिहीत नाही, अशी तक्रार आम्ही ऐकली आहे. तेथे बाई मुलांशी बोलत असतील, गोष्टी सांगत असतील, त्यांच्या हातांना काम देत असतील, तर तो वेळ वाया गेलेला नसतो. त्या वयाचा तोच खरा अभ्यास आहे. आणि तेथे यांपैकी काहीच घडत नसेल, केवळ आहाराचे वाटप होऊन दार बंद होत असेल, तर त्याविषयी ग्रामसभेत विचारणा करणे हा पालकांचा हक्क आहे. अंगणवाडी ही कोणाची कृपा नव्हे. ती आपल्याच वस्तीच्या अंगणात जन्मली आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज शिक्षक आहेत, शासकीय सेवेत आहेत, तारापूरच्या कारखान्यांत अधिकारी आहेत. आपल्या गावी गेल्यावर त्यांनी एकदा अंगणवाडीत डोकावावे, खाली बसून मुलांना एक गोष्ट सांगावी, सेविकेची विचारपूस करावी, एवढी विनंती आम्ही या निमित्ताने करतो. वसतिगृहात येणाऱ्या नव्या मुलाची पहिली पायरी तेथेच बांधली जात असते.

ज्यांच्यापर्यंत कोणी गेले नाही, त्यांच्यापर्यंत शाळा घेऊन चालत गेलेल्या ताराबाई मोडक यांना आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांना आमच्या संस्थेच्या वतीने विनम्र अभिवादन.